माळ न काढता 60 ग्रॅम

वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पाचव्या महिन्यात शाकाहारी पेशंट हमखास एकच प्रश्न घेऊन येतात. अंडी-मासे न खाता प्रोटीन पुरेल का? तोवर नात्यागोत्यातल्या कुणीतरी त्यांना पुरतं घाबरवलेलं असतं. लातूर जिल्ह्यातल्या एका काकूंना तर सख्ख्या भावानंच सांगितलं होतं, "माळ उतरव, नाहीतर टक्कल पडेल." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काकू माळकरी, गळ्यातली तुळशीची माळ लग्नाआधीपासूनची. ऑपरेशन पोटाच्या बायपासचं, म्हणजे जठर लहान करून अन्नाची वाट वळवण्याचं. गावात निम्म्या लोकांना ते हृदयाचं वाटलं, भेटायला येणारे छातीकडे बघून विचारपूस करायचे! शुगर आटोक्यात आली होती, वजनही भराभर उतरत होतं. पण केस मुठीनं गळत होते आणि चार पायऱ्या चढल्या की पाय भरून येत. त्यात दूध घेतलं की पोटात गुरगुर आणि जुलाब. या ऑपरेशननंतर दुधातली साखर न पचणं अनेकांच्या वाट्याला येतं. म्हणजे अंडी वर्ज्य, दूध बंद, थोडं ताक तेवढं सोसत होतं.

"माळ काढावी लागंल का, तेवढंच सांगा मॅडम."

नाही लागणार, म्हटलं. पण घासाघासाचा हिशेब ठेवावा लागेल.

या ऑपरेशननंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन जायला हवं. काहींना त्याहून जास्त लागतं, ते सर्जन आणि आहारतज्ज्ञ मिळून ठरवतात. सुनेनं आठवडाभर लिहून आणलेली वही आम्ही उघडली. सकाळी चहा-बिस्किट, मग वरणाचं पाणी, दुपारी आमटीत कुस्करलेली अर्धी भाकरी, संध्याकाळी भाज्यांचं सूप, रात्री मऊ खिचडी. सगळं सात्त्विक, सगळं पचायला हलकं, आणि बेरीज जेमतेम 20 ग्रॅम.

दोष शाकाहाराचा नव्हता, पाण्याचा होता. ऑपरेशननंतरचं पोट इवलंसं असतं, त्यात पातळ आमटी आणि भाकरी शिरली की प्रोटीनला जागाच उरत नाही. वरणाचं निवळ पाणी आजारी माणसाला द्यायची आपली रीत आहे, पण डाळीतलं बहुतेक प्रोटीन तळाशी बसलेल्या गाळात राहतं. शिवाय घट्ट वरणाची वाटी धरली, तरी त्यात कच्ची डाळ साधारण 30 ग्रॅम, म्हणजे प्रोटीन 6-7 ग्रॅम. 60 गाठायला अशा नऊ वाट्या लागतील. त्या काकूंच्या पोटात मावणं अशक्य.

म्हणून पहिला बदल ताटातल्या क्रमाचा. आधी घट्ट उसळ किंवा पिठलं, मग भाजी, जागा राहिली तर भाकरी. पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासानंतर. मराठवाड्यातल्या बाईला भाकरी शेवटी खा सांगणं किती अवघड, ते काकूंच्या चेहऱ्यावर दिसतच होतं.

दुसरा बदल सोयाबीनचा, आणि इथे मला हसू आलं. काकांची सहा एकर सोयाबीन. दरवर्षी सगळं लातूरच्या आडतीवर जातं, घरात एक दाणा शिजत नाही. "ते तेलाचं पीक आहे हो," काका म्हणाले. त्याच दाण्यात 36 टक्क्यांच्या वर प्रोटीन असतं, तुरीच्या डाळीच्या दीडपटीहून जास्त. आणि डाळींमध्ये जे अमिनो आम्ल (प्रोटीनचा एक घटक) कमी पडतं, ते सोयाबीनमध्ये बऱ्यापैकी असतं. मात्र कच्चं किंवा अर्धकच्चं सोयाबीन खायचं नाही, त्यातले काही घटक प्रोटीन पचू देत नाहीत. रात्रभर भिजवायचं, सालं चोळून काढायची, कुकरला नीट शिजवायचं.

रोजच्यासाठी मात्र सोयाच्या वड्या सोप्या. त्या तेल काढलेल्या सोयापासून बनतात, म्हणून निम्मं वजन प्रोटीनचंच. 25 ग्रॅम कोरड्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मिक्सरला खिम्यासारख्या फिरवून कांदा-टोमॅटोत परतल्या की 12 ग्रॅमचं काम झालं. काकूंना वास आवडेना. सुनेनं येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांची पूड) घातला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

उरलेला दिवस असा बसवला. दुपारी मुगाची किंवा मटकीची घट्ट उसळ, 7 ग्रॅम. मधल्या वेळी 100 ग्रॅम टोफूची (सोया पनीरची) भुर्जी, साधारण 12 (कंपनीगणिक फरक पडतो, पाकिटावर बघायचं). संध्याकाळी मूठभर फुटाणे बारीक चावून, 4. अर्ध्या भाकरीचे 3. हे सगळं जेमतेम 40 पर्यंत पोचतं. उरलेलं सोया प्रोटीनच्या पावडरीतून, पाण्यात किंवा कोमट पिठल्यात कालवून. उकळत्यात टाकली की गुठळ्या होतात.

पावडर म्हटल्याबरोबर काका सावरून बसले. किडनी? हा प्रश्नही ठरलेलाच. किडनी धड असेल, तर 60-70 ग्रॅम म्हणजे निरोगी माणसाच्या रोजच्या जेवणाइतकंच प्रोटीन. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडायचा नाही. बदामाच्या दुधावर पैसे घालवू नका, हेही सांगून टाकलं. पेलाभर साध्या सोया दुधात 6-7 ग्रॅम प्रोटीन असतं, बाजारातल्या बदाम दुधात बहुधा एखादाच.

कडधान्यांनी गॅस होतो, हे खरंच आहे. सुरुवात सोललेल्या मुगापासून, हिंग-जिरं घालून, दोन-तीन चमच्यांनी. वाल, हरभरा, राजमा नंतर. ऑपरेशनच्या पहिल्या दोन महिन्यांत तर यातलं काहीच स्वतःच्या मनानं सुरू करायचं नाही, तेव्हा पातळ आणि मऊ आहाराचे टप्पे सर्जन सांगतील तसेच.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला, जरा रागातच. सगळं करतेय, तरी केस गळतायत! वजन झपाट्यानं उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, आणि खाणं सुधारलं तरी ते लगेच थांबत नाहीत. पण रक्त तपासलं, तर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) कमी निघालं. लोहाची गोळी त्या चहाबरोबर घेत होत्या आणि कॅल्शियमची तिच्या पाठोपाठ. चहा आणि कॅल्शियम, दोन्ही लोह नीट शोषू देत नाहीत. दोन्ही गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवायला लावलं, चहा लांब ढकलला. बी 12 जीवनसत्त्वाचं औषध तर जन्मभराचं, ते जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. पुढच्या भेटीला काकू जिना न थांबता चढून आल्या.

राहिली एकादशी. साबुदाण्यात प्रोटीन नावापुरतंच, आणि डाळी, सोया उपासाला चालत नाहीत. निर्जळी नको, एवढं मी ठामपणे सांगितलं. राजगिऱ्याच्या लाह्या ताकात आणि शेंगदाण्याची आमटी वरईवर, भगर कमी आणि आमटी जास्त, यावर आमचं जमलं. तरी त्या दिवशी बेरीज 20-25 च्या पुढे जात नाही. पावडरीचं काय, ते मी त्यांच्यावर सोडलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि कळवलं, पावडर मी औषधात धरते, औषध एकादशीला चालतं. आषाढी-कार्तिकीला मात्र तीही घेत नाहीत, असं सुनेकडून कळलं. त्या दोन दिवसांबद्दल मी विचारत नाही.