अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलमधून एवढे मोठे खेळाडू कसे काय निघतात? अशी एखादी शाळा सांगाल का?

एकच शाळा सांगायची तर लाँग बीच पॉली. पूर्ण नाव लाँग बीच पॉलिटेक्निक हायस्कूल, कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला. मी त्याच भागात राहतो त्यामुळे उत्तर थोडं पॉलीच्या बाजूने झुकेल, चालवून घ्या.

शाळा १८९५ची. आत्ताच्या जागी, अटलांटिक अव्हेन्यूवर, १९११ साली आली. फी नाही, नववी ते बारावी, चार हजारांच्या आसपास पोरं. आपल्याकडे एवढे विद्यार्थी म्हणजे एक अख्खं कॉलेजच. तर या एका शाळेतून साठच्या वर पोरं एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या प्रोफेशनल लीगमध्ये खेळलीत, देशातल्या कुठल्याच हायस्कूलमधून एवढी गेलेली नाहीत. विली मॅकगिनेस्ट, डिशॉन जॅक्सन, मार्सिडीस लुईस, जूजू स्मिथ-शुस्टर हे सगळे इथलेच. बेसबॉल बघत असाल तर टोनी ग्विन आणि चेस अटली, दोघंही पॉलीचेच. ग्विनच्या नावावर ३,१४१ हिट्स (बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं म्हणजे एक हिट) आहेत आणि तो आख्खं करिअर एकाच टीमकडून, सॅन डिएगो पाड्रेसकडून खेळला. २००५ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने पॉलीला शतकातली सर्वोत्तम क्रीडा शाळा ठरवलं होतं.

मला मात्र पॉली म्हटलं की पहिलं नाव आठवतं ते टेनिसपटू बिली जीन किंगचं, तेव्हाची बिली जीन मॉफिट. वडील अग्निशमन दलात नोकरीला, घरची परिस्थिती बेताची, टेनिस शिकली ती शहराच्या सार्वजनिक कोर्टांवर फुकट मिळणाऱ्या कोचिंगमध्ये. १९६१ला, १७ वर्षांची असताना, विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली. आणि एवढं करून कॉलेजला गेली तर स्कॉलरशिप नाही, कारण मुलींना खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची पद्धतच नव्हती, तिकडे लॉस एंजेलिसमध्येच मुलांना मात्र टेनिससाठी पूर्ण स्कॉलरशिप मिळत होत्या. शाळा-कॉलेजात मुलामुलींना सारखी संधी द्या असा कायदा, टायटल नाईन, आला तो १९७२ मध्ये. म्हणून पॉलीच्या खेळाचा इतिहास सांगताना फक्त फुटबॉल सांगून थांबणाऱ्यांचा मला वैताग येतो, कारण नंतर याच शाळेच्या मुलींनी धावण्याच्या शर्यतींत कॅलिफोर्नियाची राज्य विजेतेपदं कितीतरी वेळा आणली.

आता कसे निघतात ते. एक तर संख्या, चार हजारातून निवडायचं म्हटल्यावर टीम तगडीच होणार. दुसरं, तिथे खेळ हा शाळेचाच भाग असतो, आपल्यासारखा बाहेरचा क्लास नाही. पानगळीत फुटबॉल, थंडीत बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल आणि ॲथलेटिक्स, बरीच पोरं दोन-दोन खेळ खेळतात. मार्कांचीही अट आहे, सरासरी ग्रेड चारपैकी २.० च्या खाली गेली की टीममध्ये खेळता येत नाही, मग तुम्ही कितीही मोठे स्टार असा. शुक्रवारी रात्रीची मॅच असली की गावच लोटतं, आपल्याकडे गावच्या कुस्तीच्या फडाला होते तशी गर्दी.

पण पॉलीत एक वेगळी गोष्ट झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेत काळ्या आणि गोऱ्या पोरांमध्ये जोरात मारामाऱ्या झाल्या, गोरी कुटुंबं पोरांना इथे पाठवायला तयार नव्हती. तेव्हा शहराने शाळा फोडली नाही की बंद केली नाही, १९७५ मध्ये त्याच इमारतीत पेस नावाचा अवघड अभ्यासक्रम सुरू केला, ज्यासाठी अख्ख्या शहरातून हुशार पोरं अर्ज करून यायला लागली. नंतर कंबोडियातल्या ख्मेर रूज या क्रूर राजवटीच्या काळात पळून आलेली कंबोडियन कुटुंबं जवळच स्थायिक झाली, त्यांचीही पोरं आली. त्यामुळे आज एकाच आवारात मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांमध्ये जाणारी पोरंही आहेत आणि एनएफएलला जाणारीही, शाळा स्वतःला स्कॉलर्स आणि चॅम्पियन्सचं घर म्हणवते ते त्यावरूनच.

त्याआधी १९३३चा भूकंपही झाला होता. १० मार्चला संध्याकाळी सहाच्या जरा आधी झाला म्हणून पोरं वाचली, शहरातल्या कितीतरी शाळा कोसळल्या, पॉलीचे वर्ग तंबूत भरवायला लागले. त्यानंतर महिन्याभरात राज्याने शाळांच्या बांधकामाचा कडक कायदा केला, तो अजून लागू आहे.

मॅच एकच सांगायची तर ६ ऑक्टोबर २००१. देशातली एक नंबरची टीम डी ला साल, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोकडची खासगी कॅथलिक शाळा, विरुद्ध दोन नंबरची पॉली. हायस्कूल फुटबॉलमध्ये देशातले पहिले दोन क्रमांक समोरासमोर यायची ती पहिलीच वेळ. लाँग बीचचं व्हेटरन्स स्टेडियम खचाखच भरलं होतं, पॉली २९-१५ हरली, डी ला सालच्या मॉरिस ड्र्यूने एकट्याने चार टचडाऊन (बॉल घेऊन समोरच्या टीमच्या शेवटच्या रेषेपार जाणं) केले. तो पुढे एनएफएलमध्ये गाजला. डी ला सालची न हरण्याची मालिका पुढे १५१ मॅचपर्यंत गेली, म्हणजे पॉली कुणाकडून हरली ते बघा.

आता खरं सांगायचं तर फुटबॉलमधले ते दिवस गेलेत. गेल्या दहा-बारा वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियात मेटर डे आणि सेंट जॉन बॉस्को या दोन खासगी कॅथलिक शाळांनीच सगळं खाऊन टाकलंय, आणि बॉस्को तर लाँग बीचच्या शेजारच्याच गावात आहे. अशा शाळांना शहराची हद्द नसते, लांबून लांबून पोरं येतात, आणि पॉलीच्या गल्लीत वाढलेला चांगला पोरगा आठवीतच तिकडे जायचा विचार करायला लागतो. सरकारी शाळांची स्पर्धा वेगळी ठेवा अशी मागणी अधूनमधून होत असते, मला ती पटते.