तो पडद्यामागे जातो

"मॅडम, साडेतीन वर्षांचा झाला तरी डायपर सुटत नाही. सासूबाई म्हणतात, आमची मुलं वर्षाची व्हायच्या आत डायपरबिगर होती. माझंच काहीतरी चुकतंय ना?" खुर्चीत नीट टेकायच्या आत तिनं विचारून टाकलं. लेक कोपऱ्यात ठोकळे रचत होता.

सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. फक्त वर्षाचं मूल स्वतःहून काही सांगत नसतं. ते उठलं की, दूध प्यालं की आई त्याला धरून बसायची. सवय मुलाला कमी, आईला जास्त लागलेली असायची, कारण चुकलं तर लंगोट तिलाच धुवावा लागे. १९६२ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबायला सांगितलं. त्यांच्या नोंदींतली मुलंसुद्धा दिवसा कोरडी राहायला सरासरी २८.५ महिन्यांची झाली होती. पुढे १९८०च्या दशकात डायपरमध्ये ओल शोषून जेल होणारी पावडर आली. शू झाली तरी त्वचा कोरडीच! मग मुलाला कळणार कशानं? आणि आपल्यालाही घाई उरली नाही, हे कबूल करायला हवं.

"शी लागली की काय करतो?" मी विचारलं.

"पडद्यामागे जाऊन उभा राहतो. बोलावलं तर ओरडतो. झाल्यावर बाहेर येतो."

मला बरं वाटलं. आडोसा शोधतो म्हणजे शी लागलेली त्याला आधी कळते, ती तो धरूनही ठेवतो. अर्धं काम झालेलंच होतं. मग पॉटीवर का बसत नाही? खोदून विचारल्यावर आठवलं, सहा महिन्यांपूर्वी कडक शी होऊन तो खूप रडला होता. दुखलं म्हणून दाबायचं, दाबलं की आणखी कडक, मग आणखी दुखायचं. अशा मुलाला पॉटीवर जबरदस्तीनं बसवणं म्हणजे भीतीत भर. मी त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. बद्धकोष्ठ सुटल्याशिवाय माझा सल्ला कुचकामी होता.

त्यानंतर घाई केली नाही. शी डायपरमध्येच, पण पडद्यामागे नाही, बाथरूममध्ये. मग डायपर घालूनच पॉटीवर. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून जेवण झालं की पाच मिनिटं बसायचं, पायाखाली स्टूल. पाय लोंबकळत असले की जोर लागत नाही. मोठ्यांनी स्वतः करून बघावं. बक्षिसांचा तक्ता मी सुचवला नाही. मला तो फारसा आवडत नाही, शी झाली नाही की मूल उगाच हिरमुसतं.

तिसऱ्या आठवड्यात आईनं डायपरला खालून कात्रीनं भोक पाडलं. पहिल्यांदा 'डुबुक' आवाज आला तेव्हा तो घाबरला नाही, वाकून आत बघत बसला. रात्रीचा डायपर अजून आहे. तो राहू दे म्हटलं, रात्रीचं कोरडेपण शिकवून येत नाही.

परवा फोन आला. आता तो बाथरूमचं दार लावून घेतो आणि आईला म्हणतो, "तू बाहेर थांब."