फोल्डर दिसतो, पण उघडत नाही

प्रश्न : घरी विंडोज १० चा डेस्कटॉप आणि मुलीचा विंडोज ११ चा लॅपटॉप, दोन्ही एकाच वायफायवर आहेत. डेस्कटॉपवरचा फोटोंचा फोल्डर शेअर केलाय, पण लॅपटॉपवरून उघडायला गेलं की युजरनेम-पासवर्ड मागतो आणि रोजचा पिन टाकला तर चुकीचा म्हणतो. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : पिन चालणारच नाही हो, तो त्या मशीनपुरताच असतो. इथे डेस्कटॉपच्या अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर तो बहुतेकांना आठवतच नाही, म्हणून मी म्हणेन की डेस्कटॉपवर सरळ एक वेगळं लोकल अकाउंट (फक्त त्याच मशीनवरचं) बनवा, त्याला पासवर्ड ठेवा, मग फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर असं जाऊन ते अकाउंट अ‍ॅड करा. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून केलंत तर सिक्युरिटी टॅबमध्येही परवानगी द्यावी लागते, शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन्हीतली जी परवानगी कडक तीच लागू होते, आणि लोक नेमके इथेच अडकतात. लॅपटॉपवर युजरनेमच्या जागी आधी डेस्कटॉपचं नाव, मग उलटी तिरपी रेघ (\), मग अकाउंटचं नाव टाका. तरी नाही म्हणाला तर लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज लॉगिन साठवून ठेवतं ती जागा) जुनं लॉगिन सेव्ह होऊन बसलंय का बघा, असेल तर उडवा.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग (शेअर केलेल्या फोल्डरसाठी पासवर्ड मागणारं सेटिंग) बंद करून टाका’ असं कुणीतरी सांगेलच, नका ऐकू. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ व्हर्जनपासून बिनपासवर्डचं गेस्ट लॉगिन तसंही मुळातच बंद असतं.