हॉस्टेलवाल्यांसोबत बेटावर फिरायला निघालायस? हे वाच आधी

पहिल्यांदाच जातोयस ना, मग ग्रुप चारपाच जणांचाच ठेव. रात्री कॉमन रूममध्ये सगळेच हो हो येतो म्हणतात आणि सकाळी निम्मे घोरत असतात, त्यांच्यासाठी थांबत बसू नकोस, ऊन चढायच्या आत निघ.

स्कूटर भाड्याने घेणार असशील तर आधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढ. मी एकदा आळस केला आणि दुसऱ्याच कुणीतरी पाडलेल्या ओरखड्याचे पैसे भरून आलो. पासपोर्ट मात्र ठेवून घेऊ द्यायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

भरती-ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय निघूच नको. बऱ्याच ठिकाणी ओहोटीनंतर 6 तास आणि वर 10-12 मिनिटांत पूर्ण भरती येते, म्हणजे सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ज्या छोट्या बीचवर चालत गेलात तिथून दुपारी परत येताना छातीपर्यंत पाणी, आम्ही चौघं असेच बॅगा डोक्यावर धरून आलोय, एकाचा फोन गेला तो गेलाच.

पाणी आत ओढायला लागलं तर सरळ किनाऱ्याकडे झगडत पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडायचं आणि मग परत यायचं. स्नॉर्केलिंगमध्ये पाठ भाजून निघते, फुल बाह्यांचा टीशर्ट घाल, आणि प्रवाळावर पाय ठेवू नको, तेही मरतं आणि तुझी जखमही लवकर भरत नाही.

आणि हो, हेडलॅम्प घे, विषुववृत्ताजवळ सूर्य बुडाला की अर्ध्या तासात मिट्ट काळोख.