सोनीच्या पीएस५ आणि पीएस४ या गेमिंग कन्सोलवर मिळून ६४ गेम न खेळता पडून आहेत, आणि रांग वाढतच चालली आहे. ती कमी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात नोकरी, रात्री जेवणं आटपल्यावर तासभर, शनिवार-रविवार मिळून तीन तास. ६४ गेम पडून, त्यातले ११ अर्धवट. दर सेलला तीन-चारांची भर पडते आणि वर्षाला जेमतेम सहा-सात संपतात.

६४ हा आकडा आधी बाजूला ठेवा, कारण त्यावरून काहीच कळत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ साधारण पाच तासांत संपतो. ‘द विचर ३’ची नुसती मुख्य कथा ५० तास घेते, आणि सगळं खणून काढायचं म्हटलं तर १७० च्या पुढे जातं. यादीत मात्र दोन्ही ‘एकेक’च. म्हणून यादी तासांत करा. ‘हाउ लाँग टू बीट’ या साइटवर प्रत्येक गेमपुढे फक्त मुख्य कथेचे तास वेगळे दिलेले असतात. तो आकडा घ्या आणि त्यात पाव हिस्सा मिळवा. पाव हिस्सा यासाठी, की तासातासाच्या बैठकीत खेळणाऱ्याची पहिली दहा मिनिटं ‘आपण कुठे होतो’ यातच जातात.

शीटमध्ये रकाने पाचच ठेवा: नाव, कन्सोल, प्रकार (डिस्क, डिजिटल की सबस्क्रिप्शन), उरलेले तास, स्थिती. अर्धवट ११ गेम्सवर किती तास घातलेत ते पीएस५च्या प्रोफाइलमध्ये गेम्सच्या टॅबवर दिसतं. पीएस प्लसमधून (सोनीच्या सबस्क्रिप्शनमधून) नुसते लायब्ररीत घालून ठेवलेले गेम या यादीत धरू नका, त्यांची यादी वेगळी. ते तुम्ही निवडून घेतलेले नाहीत. त्यांचं ओझं वाहायचं कारण नाही.

आता बेरीज. गेममागे सरासरी २० तास धरले तर ६४ गेम म्हणजे १,२८० तास. आठवड्याला तुमचे ८ तास, पण वर्षातले दहा आठवडे सणवार, पाहुणे, प्रवास यांत जातात. ४२ आठवडे गुणिले ८ म्हणजे ३३६. नवा एकही गेम घेतला नाही तरी चार वर्षांचं काम आहे. ही बेरीज पाहून घाबरू नका. तिचा उपयोग एवढाच, की ‘सगळे संपवीन’ हा हट्ट सुटतो आणि निवड सुरू होते.

निवड करताना माझ्या मते सगळ्यात मोठी चूक होते ती कॅलेंडरची. मोठे गेम सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात येतात, आणि बडोद्यातल्या मराठी घरात नेमका तोच काळ सगळ्यात भरलेला. ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ आला ६ सप्टेंबर २०२४ ला, त्या दिवशी हरतालिका होती. ‘स्पायडर-मॅन २’ आला २० ऑक्टोबर २०२३ ला, ऐन नवरात्रात. ‘घोस्ट ऑफ योतेई’ २ ऑक्टोबर २०२५ ला, तेव्हा दसरा. नवा गेम उत्साहाने घेतला जातो, चार-पाच तास खेळला जातो, मग दहा दिवस गणपती किंवा नऊ रात्री गरबा. परत बसेपर्यंत हात विसरलेला असतो. तुमचे ११ अर्धवट गेम कोणत्या महिन्यात सुरू केले होते ते पाहा. बहुतेक याच खिडकीतले निघतील.

म्हणून वर्ष असं लावा. पाऊस सुरू झाल्यापासून गणपतीपर्यंत साधारण दहा आठवडे सलग मिळतात, म्हणजे ८० तास. दिवाळी संपल्यापासून उत्तरायणपर्यंत (म्हणजे संक्रांतीपर्यंत) पुन्हा जवळपास तेवढेच. लांब गेम सुरू करायचा तो फक्त या दोन वेळी. ‘विचर ३’ पाव हिस्सा धरून ६२-६३ तासांचा, तो बसतो. ‘पर्सोना ५ रॉयल’ शंभर तासांचा, पाव हिस्सा धरून १२५, तो एका खिडकीत बसत नाही. त्याला दोन्ही द्यायच्या की नाही हे सुरू करण्याआधी ठरवा.

अनंत चतुर्दशी ते घटस्थापना, म्हणजे पितृपक्षाचा पंधरवडा, संध्याकाळी शांत असतो. त्यात १०-१२ तासांचा एक गेम पूर्ण होतो. ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ त्यासाठी अगदी मापाचा. नवरात्रात काहीही सुरू करू नका. उत्तरायणानंतर उन्हाळ्यापर्यंत १५ ते २५ तासांचे मधले गेम घ्या, एका वेळी एकच.

एप्रिल-मे मध्ये वेगळी अडचण. पीएस५ च्या माहितीपुस्तिकेत चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं आहे, आणि बडोद्यात दुपारी बाहेर ४० च्या वर असतं. एसी नसलेल्या खोलीत दुपारी मोठा गेम लावला की पंखा ओरडू लागतो आणि कधी जास्त तापल्याची सूचना येऊन कन्सोल बंद होतो. रात्रीच खेळा, कन्सोल टीव्हीच्या बंद कपाटात कोंडू नका, आणि बाजूची झाकणं काढून धूळ जमण्याच्या भोकांवर दोन महिन्यांतून एकदा व्हॅक्यूमची नळी लावा.

एका वेळी चालू गेम दोनच: एक कथेचा, एक अर्ध्या तासात डाव संपणारा. घरात कुणी बरोबर खेळणारं असेल तर तिसरा जोडीचा चालेल. ‘इट टेक्स टू’ दोघांशिवाय खेळताच येत नाही, त्यामुळे तो एकट्याच्या वेळेवर आक्रमण करत नाही. पण दोन मोठे मारामारीचे गेम एकदम कधीच नकोत. कारण बटणांत आहे. ‘एल्डन रिंग’मध्ये वार चुकवायला सर्कल आणि उडीला एक्स. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये वार चुकवायला एक्स, सर्कल वस्तू उचलायला. दोन्ही आलटून पालटून खेळलात तर ऐन मोक्याला बोट चुकीच्या बटणावर जातं, तोच बॉस (मोठा शत्रू) दहा वेळा मारतो आणि गेम अवघड वाटून बाजूला पडतो. गेममध्ये तसा काही दोष नसतो.

गेम सुटतात ते कंटाळ्यापेक्षा खंडामुळे जास्त, म्हणून थांबण्याची पद्धत लावून घ्या. उठताना तीन गोष्टी करा. एक, नकाशा आणि चालू मिशनचं पान उघडून कंट्रोलरच्या क्रिएट बटणाने स्क्रीनशॉट घ्या. दोन, बटणांच्या पानाचा एक स्क्रीनशॉट, हा गेममागे एकदाच. तीन, फोनवर एक ओळ: ‘पुढे काय करणार होतो’. ‘कुठे आहे’ हे नकाशा सांगतो, ‘पुढे काय’ हे कुणीच सांगत नाही. पीएस५ वर स्क्रीनशॉट प्लेस्टेशन अ‍ॅपमध्ये आपोआप चढवण्याची सोय आहे, पण तिथे ते १४ दिवसच राहतात. फोनच्या गॅलरीत उतरवून घ्या.

तीन आठवड्यांच्या खंडानंतर परतताना थेट मुख्य मिशनवर जाऊ नका. सुरुवातीच्या सोप्या भागात पंधरा-वीस मिनिटं हात मोकळा करा. ‘एल्डन रिंग’मध्ये लिमग्रेव्हला जा. खंड तीन महिन्यांपेक्षा मोठा असेल तर नियम असा: पाच तासांच्या आत सोडला होता तर पहिल्यापासून सुरू करा. अर्ध्याच्या पुढे गेला होतात तर अजिबात पहिल्यापासून नको. तिथेच पहिल्याच भागाची चार आवर्तनं होतात आणि शेवट कधी दिसत नाही. कथेचा गोषवारा यूट्यूबवर पाहा, अवघडपणा एक पायरी खाली आणा आणि पुढे चला. ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये तो मधेच बदलता येतो, फक्त सर्वात वरची पायरी निवडली असेल तर नाही. ‘एल्डन रिंग’मध्ये अशा पायऱ्याच नाहीत.

जोडकामांवर, म्हणजे मुख्य कथेबाहेरच्या कामांवर, लगाम हवा. ‘विचर ३’मध्ये स्केलिग बेटांच्या समुद्रात नकाशावर पसरलेली प्रश्नचिन्हं हे ठळक उदाहरण: बहुतेक ठिकाणी चोरट्या मालाच्या पेट्या, त्याच त्या. त्याच गेममधल्या नावाच्या, पात्रं असलेल्या जोडकथा मात्र सोडू नका, त्या मुख्य कथेच्या तोडीच्या आहेत. नकाशावरची खूण वगळा, माणूस बोलावतो ते काम घ्या. बऱ्याच मोकळ्या जगाच्या गेम्सना हे लागू पडतं.

सोडून द्यायचा कधी? एकूण तासांचा दहावा हिस्सा देऊन पाहा, त्याआधी निकाल नको. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चा बर्फातला पहिला अध्याय संथ आहे, खरा गेम दुसऱ्या अध्यायात उघडतो. ‘पर्सोना ५’ पहिले काही तास बोट धरूनच चालवतो. दहावा हिस्सा देऊनही ओढ वाटली नाही तर स्थितीच्या रकान्यात ‘सोडला’ लिहा आणि डिलीट करा. गेम डिलीट केला तरी सेव्ह (खेळ कुठवर आला याची नोंद) कन्सोलमध्येच राहतं, त्यामुळे भीती नको.

सेव्हबद्दल दोन धोके. पीएस५ गेमचं सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येत नाही, क्लाउडवरच जातं आणि त्याला पीएस प्लस लागतं. पीएस४ गेमचं सेव्ह यूएसबीवर घेता येतं. दुसरं, एखाद्या गेमची पीएस४ आणि पीएस५ आवृत्ती वेगवेगळी असते. पीएस५ वर नवी आवृत्ती टाकली आणि जुनं सेव्ह दिसलं नाही तर ते गेलं असं समजू नका; काही गेम्समध्ये पीएस४ आवृत्ती उघडून तिच्या मेनूतून सेव्ह वर चढवावं लागतं. ११ अर्धवट गेम्समधले पीएस४ वरचे कोणते हे पाहून हे काम पीएस४ विकायच्या आधी उरका.

रेस्ट मोडवरही (कन्सोल पूर्ण बंद न करता झोपवून ठेवण्यावर) विसंबू नका. पीएस५ वर थांबवलेला गेम मेमरीत असतो. वीज गेली की तो जातो, शेवटचं सेव्ह तेवढं उरतं. पावसाळ्यात दिवे जातात तेव्हा हे हमखास होतं. आधी सेव्ह, मग रेस्ट मोड. यूपीएस घ्यायचा तर १००० व्हीएचा घ्या. पीएस५ मोठ्या गेममध्ये २०० वॅटच्या आसपास खातो, वर टीव्ही. ६०० व्हीएचा यूपीएस काठावर येतो. काही मिनिटं मिळाली तरी पुरे.

जागेचं गणित सोपं आहे. पहिल्या पीएस५ मध्ये ८२५ जीबीपैकी सुमारे ६६७ जीबी वापरता येतात. २ टीबीची साधी यूएसबी हार्ड डिस्क लावा: पीएस४ गेम तिच्यावरून थेट चालतात, पीएस५ गेम तिच्यावर ठेवता येतात पण खेळायला आत आणावे लागतात. १०० जीबीचा गेम आत आणायला वीसेक मिनिटं, तोच १०० एमबीपीएसच्या लाइनवर पुन्हा उतरवायला सव्वादोन तासांहून जास्त. आतली एम.२ एसएसडी (वेगवान साठवणीची पट्टी) घालायची तर जेन ४ एनव्हीएमई, वेग सेकंदाला ५,५०० एमबीच्या वरचा, आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) धरून जाडी ११.२५ मिमीच्या आत. दुकानदार कॉम्प्युटरचा उंच हीटसिंक लावून देतो आणि मग झाकण बसत नाही. पण खरं सांगायचं तर तुम्हाला ती लागणार नाही. जागा कमी असली की दोनच गेम चालू राहतात, ते तुमच्या फायद्याचंच आहे.

खरेदी वर्षातून दोनदाच करा: मे अखेर-जूनचा ‘डेज ऑफ प्ले’ आणि नोव्हेंबर अखेरचा ब्लॅक फ्रायडे. दोन्ही सेल तुमच्या दोन लांब खिडक्यांच्या तोंडाशी येतात. बाकी वेळी विशलिस्टमध्ये टाका. भाव उतरला की सूचना येते, आणि एकदा उतरलेला भाव बहुतेक वेळा पुन्हा येतो. तरी मोह झालाच तर डाउनलोड सुरू होऊ देऊ नका. प्लेस्टेशन स्टोअर १४ दिवसांत पैसे परत देतं ते डाउनलोड किंवा स्ट्रीमिंग सुरू केलेलं नसेल तरच.

पीएस प्लसच्या कॅटलॉगमधून जाणारे गेम ‘लास्ट चान्स टू प्ले’ मध्ये दिसतात. त्यात तुमच्या यादीतला, १५ तासांच्या आतला गेम असेल तर तो रांगेत पुढे घ्या. ५० तासांचा असेल तर जाऊ द्या.

शेवटी डिस्क. डिस्कचा गेम संपला की त्याच आठवड्यात विका, कपाटात ठेवून भाव वाढत नाही. खालची बाजू दिव्याखाली तिरकी धरून ओरखडे पाहा, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. आतला डाउनलोड कोड वापरला असेल तर घेणाऱ्याला आधी सांगा. आणि जुनी डिस्क घेताना ती कोणत्या रीजनची आहे ते पाहूनच घ्या. गेम कुठलाही चालतो, पण त्याची जोडसामग्री (वेगळे विकत घ्यायचे वाढीव भाग) डिस्कच्या रीजनशी जुळावी लागते. अमेरिकेची डिस्क स्वस्तात घेतली आणि भारतीय अकाउंटवरून जोडसामग्री विकत घेतली, तर पैसे जातात आणि ती गेममध्ये उघडत नाही.