दुबईला निघालायस, तर लायसन्सचं आधी बघ

खानापूरच्या भावा, आपलं केए-२२ चं लायसन्स खिशात आहे म्हणून तिकडं लगेच स्टेअरिंगला हात लावू नकोस. जायच्या आधी बेळगाव आरटीओत इंटरनॅशनल परमिट काढ. फॉर्म ४ए, पासपोर्ट, व्हिसा लागतो, फी १००० रुपये. लायसन्सवर एलएमव्ही (म्हणजे कारसारखी हलकी गाडी) लिहिलंय का बघ, आपल्याकडं बऱ्याच पोरांचं नुसतं मोटरसायकलचंच असतं.

पण खरी मेख पुढं आहे. हे परमिट व्हिजिट व्हिसावर चालतं. रेसिडेन्स व्हिसा लागला की ते संपलं, मग यूएईचंच लायसन्स हवं. भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही, टेस्ट द्यावीच लागते. ते मिळेपर्यंत मित्राची गाडी ‘फक्त कोपऱ्यापर्यंत’सुद्धा नको. धडक झाली तर विमा कंपनी खर्च तुझ्याच अंगावर टाकेल, आणि समोरच्याला लागलं तर प्रकरण कोर्टात जातं. घरच्यांचा जीव इथं टांगणीला नको रे.

तिकडं गाडी उजव्या बाजूनं चालते. सर्कलला आत शिरताना डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपली नजर सवयीनं उजवीकडंच जाते, तेव्हा पहिले काही दिवस शेजारी बसून नुसतं बघ. दारू घेऊन तर अजिबात नाही, थेंबभरही.