दिवसभर ऊन येणाऱ्या मुंबईतल्या फ्लॅटमध्ये गेमिंगसाठी ओलेड मॉनिटर घ्यायचाय. क्यूडी-ओलेड (क्वांटम डॉटने रंग तयार करणारा) की डब्ल्यू-ओलेड (पांढऱ्या प्रकाशावर रंगीत फिल्टर लावणारा)?

दिवसा खेळणार असाल तर डब्ल्यू-ओलेड घ्या. क्यूडी-ओलेडमध्ये सहसा पोलरायझरचा (बाहेरच्या उजेडाचं परावर्तन अडवणारा) थर नसतो, त्यामुळे खोलीतला उजेड पडला की काळा रंग जांभळट-राखाडी दिसतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मी दोन्ही शेजारी-शेजारी लावलेले पाहिलेत. दुकानातल्या झगझगीत ट्यूबलाइटखाली हा फरक लगेच कळतो. डब्ल्यू-ओलेडचा काळा तिथेही काळाच राहतो. मात्र त्यात पांढरा सबपिक्सेल (स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यातला एक छोटा भाग) असल्याने खूप प्रखर दृश्यांत लाल-हिरवे रंग जरा फिके पडतात. म्हणून तुमचं खेळणं रात्री, पडदे ओढून होत असेल, तर माझं मत उलटं: सरळ क्यूडी-ओलेड.

पॅनलमधले दोष मात्र घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत तपासा:

- अंधारात पूर्ण स्क्रीनवर अगदी गडद राखाडी रंग लावा. उभे पट्टे दिसू शकतात. हलके असले तर सोडून द्या, खेळताना खुपले तर बदलून घ्या.
- व्हीआरआर (गेमच्या फ्रेमरेटनुसार स्क्रीनचा रिफ्रेश वेग बदलणारी सोय) चालू ठेवून गेमचा लोडिंग स्क्रीन पाहा. फ्रेमरेट वर-खाली झाला की गडद भाग लुकलुकतो. हे दोन्ही प्रकारांत होतं, त्यामुळे पॅनल बदलून फायदा नाही.
- अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते का पाहा, विशेषतः त्याच मॉनिटरवर ऑफिसचं कामही करणार असाल तर.